ओंजळभर पाणी

महाकालाच्या दर्शनासाठी उज्जैनला जाणारी आपल्याकडची माणसे बहुधा रात्री उतरतात, धर्मशाळेत सामान टाकतात, आणि उजाडण्यापूर्वी क्षिप्रेवरचा रामघाट गाठतात. आम्हीही तसेच करणार होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी ८४ वर्षांची मावशी. परंतु त्या रात्री मावशी मुळी अंथरुणाला टेकलीच नाही.

शेजारच्या खोलीत एक तरुण जोडपे उतरले होते. त्यांच्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला संध्याकाळपासून जुलाब आणि वांत्या होत होत्या. पाणी दिले की उलटते, म्हणून आईने पाणीच बंद केले होते. मूल रडायचेही थांबले होते. नुसते ओठांवरून जीभ फिरवीत पडले होते. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. त्या सवयीने म्हणा, प्रवासात माझ्या पिशवीत जलसंजीवनीच्या दोन-चार पुड्या असतात. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात मी एक पुडी विरघळवली. ते भांडे मावशीने माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतले. मिनिटाला एक चमचा. उलटले तर दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा एक चमचा. पहाटे चारच्या सुमारास मुलाला लघवी झाली, तेव्हा तिने भांडे खाली ठेवून हात जोडले. उजाडताच बाप मुलाला दवाखान्यात घेऊन गेला. तेथेही हेच पेय चालू ठेवण्यास सांगितले.

मग आम्ही घाटावर आलो. पायऱ्यांवर स्नानाची गर्दी होती. पाण्यावर पानांच्या द्रोणांतले दिवे तरंगत होते, आणि छत्र्यांखाली बसलेले गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्याला गोत्र विचारीत होते. त्यांतले एक मराठी बोलणारे निघाले. त्यात नवल नाही. महाकालाच्या देवळाचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करणारे रामचंद्रबाबा सुखटणकर हे राणोजी शिंद्यांचे दिवाण, शेणवी घराण्यातले. तेव्हापासून मराठी भाषा या गावात परकी राहिलेली नाही. रामाने दशरथाचे श्राद्ध याच घाटावर केले, अशी येथली श्रद्धा आहे. म्हणूनच येथे पाणी सोडण्याचे महत्त्व.

मावशी एका पायरीवर बसली आणि नदीकडे पाहत आमच्या घरच्या कोंकणीत म्हणाली, “तो उदक मागतालो रे. हांवें दिलें ना.”

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा कधीच न पाहिलेला बाळमामा. हे मला तिने पहिल्यानेच सांगितले. सन १९५५ चा श्रावण; मावशी चौदा वर्षांची, बाळ चार वर्षांचा. आजी बाळंतपणाच्या खोलीत, म्हणून बाळाजवळ बसायचे काम मावशीकडे. ती पटकी होती की साधी हगवण, कोणाला कळले नाही. वैद्यांनी बजावले होते, पोटाला पूर्ण विश्रांती द्या, पाण्याचा थेंबही देऊ नका. ते वैद्य काही निर्दय नव्हते. त्या काळी पुष्कळ ठिकाणी हीच शिकवण होती. बाळाने दिवसभर पाणी मागितले. मावशीने आज्ञा पाळली. रात्री त्याने मागणे सोडले.

सत्तर वर्षे ही बाई ते एक वाक्य उराशी घेऊन वावरली, आणि आम्हांला तिचा फक्त देवभोळेपणा दिसला!

मी तिचे सांत्वन काय करणार? “तुझा दोष नव्हता” हे म्हणणे सोपे असते, आणि ऐकणाऱ्याच्या कामाचे नसते. पण वर्गात अनेकदा सांगितलेली एक हकीकत त्या पायरीवर मला अगदी निराळी दिसू लागली. बाळमामा गेला त्याच्या दोन वर्षे आधी, १९५३ साली, कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की पटकीच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन बरे केले. लेख छापला गेला, आणि मागे पडला. तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता. शिवाय असे का घडावे, याचे उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते.

ते उत्तर शोधण्यास तीन निरनिराळ्या वाटांनी माणसे निघाली होती, आणि बहुतेकांना एकमेकांची गाठ पडेल याची कल्पना नव्हती.

पहिली वाट विषाची. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात निश्चित केला, आणि हा जंतू काही विष निर्माण करीत असावा असेही सुचवले. पुढची पाऊणशे वर्षे संशोधक ते विष भलत्याच ठिकाणी शोधीत राहिले. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांना मात्र साधा विचार सुचला, की रोग आतड्याचा आहे, तर परीक्षाही आतड्यातच घ्यावी. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जंतू सोडले. तो पाण्याने टम्म फुगला. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढून नुसते गाळलेले द्रव सोडले. तरीही आतडे फुगले. म्हणजे मारणारा जंतू नव्हे, त्याने मागे ठेवलेले विष! साधनांची चणचण असलेल्या प्रयोगशाळेत हे काम झाले. जगाने त्याची किंमत जाणली, पण सावकाश. नोबेल परिसंवादाचे बोलावणे डे यांना आले ते १९७८ साली.

रेणूंच्या अभ्यासकांनी पुढे या विषाची करणी उलगडली. त्याचे दोन भाग असतात. एक आतड्याच्या पेशीला घट्ट धरतो, दुसरा आत शिरतो. आत गेलेला भाग पेशीतली एक कळ दाबून धरतो, आणि ती पुन्हा वर येतच नाही. क्षारांची दारे सताड उघडी राहतात. क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी. रोग जोरात असला तर तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाते. पेशी मात्र मरत नाही, आतडे फाटत नाही. घर शाबूत, पण सगळ्या मोऱ्या मोकळ्या, अशी ती अवस्था.

दुसरी वाट साखरेची. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० साली प्राग येथील सभेत मांडले, की आतड्यात साखर एकटी आत जात नाही, सोडियमला बरोबर घेऊन जाते. आज आपल्याला ठाऊक आहे की ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आत येतात, आणि त्यांच्यामागून पाणी येते. पटकीचे विष नेमके या दाराला हात लावीत नाही. नुसते पाणी दिले तर ते वाहून जाते, नुसते मीठ दिले तरी वाहून जाते. साखरेचा हात धरला, की तिघेही घरात येतात. चटर्जींच्या रुग्णांचे रहस्य ते हेच. १९६८ साली ढाक्यात काळजीपूर्वक घेतलेल्या चाचण्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

तिसरी वाट सुताराची आणि लोहाराची म्हणावी अशी. तिच्याविषयी फार कोणी लिहीत नाही. पटकीच्या रुग्णासाठी एक खाट बनवण्यात आली. कापडी खाट, मध्ये भोक, खाली खुणा केलेली बादली. त्या बादलीत किती पाणी गेले ते वाचावे आणि तितकेच रुग्णाच्या पोटात घालावे. देवस्थानाच्या वहीत जमाखर्च जुळवावा, तशातला हा प्रकार. डॉक्टर नसलेल्या माणसालाही तो जमतो, हेच तिचे मोल.

या तीनही वाटा १९७१ साली बनगाव येथे एकत्र आल्या. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, छावण्यांत पटकी पसरली होती, आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशी भुकटी कलकत्त्यात तयार करवली. पिशव्या छावणीत आणल्या, भुकटी पाण्यात मिसळून ते पाणी नळ बसवलेल्या पिंपांत भरले, आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या आयाबहिणींवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या आत आले. अत्यवस्थ रुग्णाला आजही शिरेतूनच सलाइन द्यावे लागते. पण बहुतेकांना हे पेय पुरते. १९७८ साली ‘लॅन्सेट’नेच साखर आणि मिठाच्या या भागीदारीचा गौरव केला, की शतकातील हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळाले.

मी हे सारे मावशीला शक्य तितके सोपे करून सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, “बहिणी पाजीत होत्या म्हणतोस?” मी होय म्हणालो. ती गप्प राहिली. माझ्या ध्यानात आले, की तिला विष नको होते, रेणू नको होते. आपले दोन हात त्या कामाला पुरेसे होते, एवढेच तिला ऐकावयाचे होते. तेवढेच ऐकणे सर्वांत कठीणही होते.

गुरुजी आमचे बोलणे कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, “नदी आपली आपण शुद्ध होते, असे आम्ही ऐकत आलो. ते खोटेच का?” प्रश्न सच्चा होता. अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली दाखवले होते, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पाणी उकळले तर मात्र तो गुण जातो. जंतूंना खाणारे विषाणू असतात, हे त्यानंतर वीसेक वर्षांनी कळले. पण १९९६ साली, बरोबर शंभर वर्षांनी, दुसरी बाजूही पुढे आली. पटकीच्या जंतूला विष बनवण्याची विद्या दिली तीही एका विषाणूनेच! पाण्यात तारणारे आहे आणि मारणारेही आहे. समुद्रमंथनातून आधी हलाहल आले आणि मग अमृत. त्या अमृताचे थेंब या गावी सांडले म्हणून येथे सिंहस्थ भरतो. ही कथा सांगणाऱ्या पूर्वजांना पाण्याची दोन्ही रूपे ठाऊक असावीत.

आजची क्षिप्रा तर आपल्या बळावर वाहतही नाही. इंदूरकडून येणारी कान्ह नदी त्या शहराचे सांडपाणी घेऊन त्रिवेणीपाशी तिला मिळते. २०१४ सालापासून पंपांनी चढवून नर्मदेचे पाणी तिच्यात आणले जाते. कान्हचे पाणी घाटांना वळसा घालून पुढे सोडण्यासाठी २०१६ च्या सिंहस्थापूर्वी बंद नळही घातले गेले. आता सर्वांचे डोळे २०२८ च्या सिंहस्थाकडे आहेत. नदीला माता म्हणावे आणि तिच्या अंगावर गटार सोडावे, हे पाप विषाणूंच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. गुरुजींनी मान डोलावली. घाटावर राहणाऱ्याला ते माझ्याहून अधिक माहीत होते.

मग मावशीने येण्याचे खरे कारण सांगितले. बाळाच्या नावाने पाणी सोडावयाचे होते, आणि ते मी, त्याच्या भाच्याने, सोडावे अशी तिची इच्छा होती. गुरुजींनी विचारले, “मुंज झाली होती का?” ती म्हणाली, “चार वर्षांचा होता.” गुरुजी क्षणभर थांबले. एवढ्या लहानाला शास्त्रात तर्पण नाही. हे तिलाही ठाऊक असावे, म्हणूनच ती सत्तर वर्षे कोणाजवळ बोलली नव्हती. बाळाला जिवंतपणी पाणी मिळाले नाही आणि नंतरही नाही. अखेर ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मंत्र नकोत. लेकराला तहान लागली होती, पाणी द्या. त्याला कोण अडवतो?”

मी ओंजळ भरली. मावशीने आपले दोन्ही हात माझ्या हातांखाली धरले. तीन वेळा पाणी सोडले. तिच्या ओल्या तळहातात थोडे पाणी उरले होते, आणि माझ्या मनात धाकधूक होती, की आता ही ते तीर्थ म्हणून प्राशन करील आणि मला तिला अडवावे लागेल. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणण्याची पाळी आता माझ्यावर येईल. तिने ते पाणी डोळ्यांना लावले. मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवून विचारले, “उकळलेले आहे ना? ते दे.”

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, की परत गेल्यावर पुडी नसताना काय करावे ते तिला मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. शेजारच्या मुलीबाळींना ती शिकवणार आहे. मी तेथेच, पायरीवर, पाकिटाच्या पाठीवर लिहिले: उकळून गार केलेले पाणी एक लिटर, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. तिने ते दोनदा वाचले, चमचा कोणता ते विचारून घेतले, आणि कागद घडी करून कमरेच्या पिशवीत, महाकालाच्या अंगाऱ्याशेजारी ठेवला.