माशाच्या पोटाचा धंदा

"माशालाही दही लागतं का हो?" शेततळ्यावर प्रोबायोटिकचं पाकीट बघून पाहुणे हमखास विचारतात. हसू नका, प्रश्न बरोबर आहे.

रोहू-कटल्याला जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. पचन तिथंच, रोगाशी झुंजही बरीचशी तिथंच. आणि आतड्यातले जिवाणू येतात मुख्यतः पाण्यातून नि खाद्यातून, म्हणजे तळाला गाळ साचला की पोटही बिघडणार. युरोपने 2006 पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं. पर्याय म्हणून प्रोबायोटिकचा बोलबाला आणखी वाढला. चांगलंच झालं.

पण हातात काय पडतं? मागच्या हंगामात घेतलेल्या पाकिटावर 'जोमदार वाढ' एवढंच ठळक. जिवाणू कोणता, ग्रॅममागे जिवंत किती, ठेवायचं कुठं, काही नाही. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस मात्र नाजूक. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तो किती टिकणार? मग आपण विकत घेतो ती नुसती भुकटी. आधीच निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा, त्यात हा भुर्दंड.

खताच्या गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश छापावंच लागतं ना? मग या पाकिटावर जिवाणूचं नाव का नको? शेततळ्याला अनुदान देता तसं जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना तपासूनही द्या, एवढंच मागणं आहे.

तोवर मित्रांनो, पक्कं बिल घ्या. आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढत असतील तर पाकीट फोडू नका, आधी एरेटर चालू करा.