खेळ कुणाकडून आला, तेही जपायचं

उज्जैनला भैरवगढमध्ये आमच्या मामांचा कॉम्प्युटर क्लास होता. तो बंद झाला तेव्हा दोन कपाटं भरून फ्लॉप्या, सीड्या आणि गेमच्या कॅसेटी माझ्याकडे आल्या. त्यांतले जुने खेळ जपायचे, हे लगेच ठरलं. एकेका डिस्कची प्रत काढायला चिकाटी लागली, पण खरा पेच पुढेच होता: हा पसारा लावायचा कसा?

वर्षानुसार लावावा, तर कोणतं वर्ष धरायचं? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' अ‍ॅपल टूवर आला 1989 साली, डॉसवर 1990 साली. आमच्या भागातल्या पोरांच्या हाती तो त्यानंतर बऱ्याच काळाने लागला. नावानुसार लावावा, तर डॉसमध्ये फाइलचं नाव जेमतेम आठ अक्षरांचं, आणि कॉपी करणाऱ्याने तेही बदललेलं. चेकसम काढला की दोन फाइली तंतोतंत एकच आहेत का, ते कळतं. मग जादा प्रती पुसून टाकाव्यात का?

याचं उत्तर मला एका फ्लॉपीने दिलं. 1.44 एमबीच्या त्या डिस्कवर 'डेंजरस डेव्ह' होता आणि शेजारीच लोटस या हिशोबाच्या प्रोग्रॅमची एक फाइल. उघडली, तर बाटिकच्या कारखान्याचा हिशोब: मेण, रंग, चादरी, मजुरी. लेबलवर निळ्या शाईत हिंदीत लिहिलेलं, 'हिसाब + गेम'. भैरवगढची ओळख ज्या छपाईमुळे आहे, त्या छपाईच्या घरातलं कुणीतरी क्लासमध्ये हिशोब शिकत होतं आणि जाताना खेळही घेऊन जात होतं. डेव्हच्या प्रती जगभर सापडतील. ही जोडी मात्र इथेच आहे, आणि खेळ वेगळा काढला की ती मोडते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. कागद कोणत्या रुमालात सापडला, हेही अभ्यासकाच्या लेखी महत्त्वाचं. मीही तोच मार्ग धरला. प्रत्येक डिस्कची इमेज जशीच्या तशी ठेवली. फोल्डर खेळांचे न करता ज्यांच्याकडून डिस्क क्लासमध्ये आल्या त्यांचे केले. खेळाचं नाव, यंत्र, वर्ष, प्रकाशक, चेकसम आणि लेबलचा फोटो हे सगळं एका तक्त्यात नोंदवलं. खेळ हवा त्याने तक्त्यात शोधावा. मूळ रचनेला कुणी हात लावायचा नाही. घरगुती हिशोबाच्या फाइली बंद ठेवल्या आहेत. त्या खाजगी आहेत, आणि त्या कुटुंबांच्या संमतीशिवाय उघड होणार नाहीत.

तुमच्या माळ्यावर अशा फ्लॉप्या असतील, तर लेबल सोलू नका, डिस्क फॉरमॅट करू नका आणि 'हा खेळ तर नेटवर मिळतो' म्हणून फेकू नका. खेळ नेटवर मिळेलही. तो आपल्या गावात कुणी, कुणाला, कशासोबत दिला, हे तिथे मिळणार नाही.