पालीचे शेपूट आणि आमची करंगळी

गेल्या भाद्रपदात धाराशिवास आमच्या घरी देवघराचे दार लाविताना एका पालीचे शेपूट फटीत सापडले. तुटके शेपूट उंबऱ्यावर वळवळत राहिले. पाल तुळईआड पसार झाली. दिवाळीच्या सुमारास आखूड, गुळगुळीत शेपटीची पाल भिंतीवर दिसताच नातवाने विचारिले, “आजोबा, मग तुमची करंगळी कां नाही उगवली?” ती आम्ही बालपणी कडबा तोडताना गमाविली आहे.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. उत्तरासाठी वाचावे लागले. पालीचे नवे शेपूट पहिल्यासारखे नसते. त्यात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. खरा पराक्रम सॅलमँडरचा. दिसण्यात तो सरड्यासारखा, पण कुळाने बेडकाचा आप्त. त्याचा पाय तुटला, की दिवसभरात कडेची त्वचा सरकून जखम झाकते. तिच्याखाली मज्जातंतू पोहोचतात, आणि बुंध्यातील पेशी आपला जुना धंदा सोडून एकत्र जमतात. हाच नव्या पायाचा कोंभ. मात्र जखमेवर सबंध जाड कातडी ओढून शिवली, तर त्यालाही कोंभ फुटत नाही! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी ह्यांनी अभ्यासिलेला हायड्रा तर छाटलेले शिरही पुन्हा निर्माण करितो.

मनुष्यासही हे अगदीच वर्ज्य नाही. लहान मुलाच्या बोटाचे टोक तुटले आणि नखाचे मूळ शाबूत असले, तर ते कधीकधी भरून येते. आमची करंगळी मधल्या पेऱ्यातून गेली. तेथून मनुष्याचे बोट उगवत नाही. नातू टाक्यांचा व्रण चाचपीत म्हणाला, “पण मग शिवली कशाला?”

रक्त थांबत नव्हते म्हणून. आईने पदर गुंडाळून आम्हांस दवाखान्यात नेले होते, एवढेच आठवते.