खाण थांबली, जंगल उगवतंय

भिलाई म्हटलं की डोळ्यांपुढे येतात कारखान्याची धुराडी आणि आखीव-रेखीव सेक्टर. इथे पायी भटकायला जंगल कुठलं, असं पाहुणे हमखास विचारतात. मग आम्ही त्यांना मैत्री बागेतले पांढरे वाघ दाखवून आणतो. या हिवाळ्यात मात्र नणंदेची मुलं नागपूरहून आली, तेव्हा सासरे म्हणाले, "चला, यांना माझी खाण दाखवू."

नंदिनीची चुनखडकाची खाण भिलाईपासून सुमारे २३ किलोमीटरवर आहे. पोलादाच्या कारखान्यात दगडाचं काय काम? झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर चुनखडक टाकला, की तो खनिजातल्या नको त्या द्रव्यांना धरतो. त्याची मळी होते, ती वितळलेल्या लोखंडावर तरंगते आणि वेगळी काढता येते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे इथल्या रुळांवरून देशभर गाड्या धावल्या.

खाणीच्या ज्या भागात काम थांबलं, तिथे खोल खड्डे आणि दगडांचे ढीग उरले. गेल्या काही वर्षांत अशा पडीक जागेवर सुमारे अडीच हजार एकरांचं मानवनिर्मित जंगल उभं करायचं काम हाती घेतलं गेलं. वड, पिंपळ, मोह, हिरडा, बेहडा अशी इथल्याच मातीतली झाडं त्यासाठी निवडली.

सकाळच्या उन्हात आम्ही मुरमाच्या वाटेने निघालो. काही रोपं कमरेएवढी, काही डोक्यावर गेलेली. मधेच जुनी झुडपं आणि पळस. खड्ड्यांत साठलेल्या पाण्याचे आता तलाव झालेत. तिथे अडई बदकांचा थवा शीळ घालत उठला. काठाशी उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी शोधत होता.

"सुरुंगाआधी भोंगा वाजला की आम्ही इथून पळायचो," सासरे म्हणाले. धाकटीने विचारलं, "आजोबा, एवढा मोठा खड्डा तुम्ही केलात?"

"मी एकट्याने नाही गं," ते हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण माझाही हात होताच."

परतताना एक रोप वाऱ्याने कलंडलेलं दिसलं. त्यांनी खाली बसून त्याच्या बुडाशी माती दाबली, आधाराची काठी सरळ केली. दगडाळ जमिनीत वड मोठा व्हायला कित्येक वर्षं लागतील. तोवर पाणी, राखण आणि गुरांपासून जपणूक करावी लागेल. नुसतं लावून जंगल होत नाही. मुलांनी मग वाटेवरची चिप्सची रिकामी पाकिटं न सांगता उचलली.

तुम्हीही जाणार असाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पळस फुललेला पाहायचा, तर फेब्रुवारीअखेर ते मार्च. कुठल्या भागात जाता येतं, ते आधी वनविभागाकडे विचारून घ्या. पाण्याचे खड्डे खोल आहेत, कडा ठिसूळ आहेत. मुलांचा हात सोडू नका. पाणी, टोपी आणि दुर्बीण बरोबर ठेवा. घरात कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा असतील, तर त्यांना आवर्जून न्या. त्यांच्यासारखा वाटाड्या मिळायचा नाही.