घर्षणाचं गाव
नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. माझ्या भाचीला तिन्ही नियम तोंडपाठ आहेत, पण पहिला तिला पटत नव्हता. ढकललेली वस्तू थांबतेच की, मग ती जातच राहते असं का म्हणायचं? तिच्या जगात तिचं बरोबर होतं. जवळपास दोन हजार वर्षं भलेभले विद्वान हेच धरून बसले होते. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडले आणि घर्षण मनातल्या मनात पुसून टाकलं, तेव्हा कुठे दुसरं काही दिसायला लागलं.

ते पुसणं आता पडद्यावर जमतं. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. भाचीने एक जड पेटी ढकलली, घर्षणाची पट्टी सरकवत शून्यावर आणली आणि हात काढून घेतला. पेटी जातच राहिली. ती किती तरी वेळ तिच्याकडे बघत बसली.

त्याच सिम्युलेशनमध्ये पाण्याची एक बादली आहे. मला ती फार आवडते. ढकलत राहिलं की पाणी मागच्या कडेला चढतं, पृष्ठभाग तिरका होतो. घर्षण शून्य करून ढकलणं थांबवलं, की बादली वेगात असूनही पाणी सपाट! वेग आणि त्वरण यांतला फरक फळ्यावर समजावताना शिक्षकांचा घसा कोरडा पडतो; इथे तो पाणीच सांगतं. फक्त बटण दाबण्याआधी मुलाला विचारायला हवं, ‘काय होईल?’ अंदाज बांधायच्या आधीच उत्तर दिसलं, तर तो नुसता खेळ उरतो.

एवढं झाल्यावर मी तिला नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला नेलं. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. एके काळी इथले डोंगर उघडेबोडके होते. पाऊस पडला की पाणी सुसाट खाली यायचं आणि माती घेऊन जायचं. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. या सूत्राचा हिशेब शेतकऱ्याला मातीत चुकवावा लागतो. माणसं गाव सोडून जात होती. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. मग श्रमदान, झाडं, बंधारे आणि डोंगरभर सलग समतल चर. ऊस-केळीवर आणि शेतीसाठीच्या बोअरवेलवर बंदी, पाण्याचा ताळेबंद, याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला थांबावंसं वाटतं ते चरांपाशी.

चर उताराला आडवा असतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीवर. त्यामुळे त्यात उतरलेल्या पाण्याला डावीकडे वा उजवीकडे जायला कारणच उरत नाही. पाणलोटाची कामं करणारे सांगतात, पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला, थांबलेल्याला जिरायला. गतिशास्त्र याहून थोडक्यात कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आपल्या प्रश्नपत्रिका ‘घर्षण नगण्य मानून’ गणित सोडवायला सांगतात. इथे गवताचं पातं न् पातं, दगड, झाडाचं मूळ पाण्याला अडवतं आणि त्या अडवण्यावर विहिरी भरतात. पडद्यावर घर्षण काढून बघितलेल्या मुलीला डोंगरावर ते पुन्हा आणून ठेवलेलं दिसलं. दोन्ही बघायला हवं, आणि माझ्या मते याच क्रमाने.

या डोंगराचंच सिम्युलेशन कुणीतरी करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. उताराची एक पट्टी, पावसाच्या जोराची एक, गवताची एक, आणि खाली विहिरीची पातळी. भाचीला मात्र त्यात आणखी एक सोय हवी आहे: चर मुद्दाम तिरका खणण्याची. तो तिरका असला तर सगळं पाणी एका टोकाला धावेल आणि तिथला भराव फोडेल, असा तिचा अंदाज आहे; आणि तो तिला पडद्यावर फोडून बघायचा आहे.