गालिच्यातली मोटरसायकल

नाझगोल अन्सारिनिया यांचा एक गालिचा आहे. लोकर, रेशीम आणि सुताचा, हातमागावर विणलेला, सुमारे साडेतीन मीटर लांब. दहा पावलांवरून पाहिला तर कुठल्याही जुन्या इराणी घराच्या दिवाणखान्यात शोभावा असा: भोवती किनार, आत दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली वेलबुट्टी. जवळ गेलं की मात्र त्या वेलबुट्टीतून माणसं दिसायला लागतात. ज्याला आपण फुलाची पाकळी समजत होतो ते एकाच मोटरसायकलवर बसलेलं अख्खं कुटुंब असतं. ज्याला वेल समजलो ती रांगेत ताटकळत उभी राहिलेली माणसं असतात. आजच्या तेहरानचा रस्ता गालिच्याच्या शिस्तीत बसवलेला आहे, आणि इतका चपखल की त्यातला एकही माणूस बाहेर काढता येणार नाही. 2009 साली आर्ट दुबई या मेळ्यात हा गालिचा मांडला गेला. अबराज कॅपिटल कला पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष होतं. आधी कल्पना निवडायची, मग पैसे देऊन काम करवून घ्यायचं, अशी त्या पुरस्काराची रीत होती. म्हणूनच एवढा वेळखाऊ आणि खर्चिक गालिचा विणून होऊ शकला.

कलाकृतींची निगा राखणं हा माझा व्यवसाय. मेळा उघडण्याआधी लाकडी पेट्या उघडल्या जातात, तेव्हा प्रत्येक कामाची तब्येत तपासायची, कंडिशन रिपोर्ट लिहायचा, कुठे रंग उचलला असेल, काच सैल झाली असेल तर ती जागच्या जागी बसवायची. दुबईच्या मदीनत जुमेरातल्या दालनांमध्ये हे काम करताना माझ्या हाताखालून इराणी चित्रकारांची आणि शिल्पकारांची बरीच कामं गेली. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. ‘इराणी कलेची शैली’ म्हणून जगभरच्या मेळ्यांत जे ओळखलं जातं, त्याला तेहरान जेवढं कारणीभूत आहे तेवढीच तेहरानपासून मेळ्यापर्यंतची वाटही. काय गुंडाळता येतं, काय विमानात चढतं, कशाचे पैसे परत पोहोचतात आणि परदेशी गिऱ्हाइकाला काय चटकन कळतं, या चार गाळण्यांतून जे उतरतं ते आपल्यासमोर भिंतीवर येतं. चित्रकार याच्या कितीतरी पुढे असतो.

तेहरानहून दुबई विमानाने दोन तासांवर. दोन्हीकडचं येणंजाणं तर फार जुनं. दुबईच्या खाडीकाठची बस्तकिया ही वस्ती इराणातल्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवली. हवा खाली खेचणारे तिथले चौकोनी मनोरे त्यांनीच आणले. गलबतं आजही त्या खाडीतून इराणच्या बंदरांकडे जातात. तरीही एक कॅनव्हास इकडून तिकडे नेणं सोपं नाही. मोठं चित्र चौकटीवर ताणलेलं आणायचं तर पेटी प्रचंड होते आणि भाडं चित्राच्या किमतीशी स्पर्धा करू लागतं. म्हणून कॅनव्हास चौकटीवरून उतरवून जाड नळीवर गुंडाळतात. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची असते, कारण आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात. बाहेरच्या बाजूला तो थोडा ताणला जातो, पण ते निस्तरता येतं. दुबईत सुतार नवी चौकट करतो, कॅनव्हास पुन्हा ताणला जातो आणि मग मी कडेने टॉर्चचा उजेड टाकून इंच न् इंच पाहते. तिरप्या उजेडात बारीकशी भेगही डोंगररांगेसारखी उठून दिसते. नियम असा की पेटी आल्यावर निदान 24 तास न उघडता दालनात ठेवावी, म्हणजे आतल्या लाकडाला आणि रंगाला तिथली हवा मानवते. मेळ्याच्या घाईत हे 24 तास मिळवण्यासाठी भांडावं लागतं. मी भांडते.

पैशांची वाट याहून बिकट आहे. अमेरिकेने इराणवर घातलेल्या निर्बंधांतून कलाकृती मुळात वगळलेल्या आहेत. 1988 च्या कायद्याने पुस्तकं, चित्रपट, छायाचित्रं असं साहित्य मोकळं झालं आणि 1994 मध्ये त्यात कलाकृतींचीही भर पडली. म्हणजे न्यूयॉर्कच्या माणसाने तेहरानच्या चित्रकाराचं चित्र विकत घेणं हा गुन्हा नाही. पण बँकेला कायद्याच्या बारकाव्यांत रस नसतो. ‘इराण’ हा शब्द दिसला की व्यवहार अडतो. 2012 मध्ये इराणी बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहारांच्या जाळ्यातून तोडल्या गेल्या, अणुकरारानंतर जोडल्या गेल्या आणि 2018 मध्ये पुन्हा बऱ्याचशा तुटल्या. त्यात रियालची घसरण. 2015 मध्ये तेहरानच्या खुल्या बाजारात एका डॉलरला साधारण 35 हजार रियाल पडत, 2025 मध्ये तो आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. मेळ्यातल्या जागेचं भाडं, विमा, हॉटेल, सगळं डॉलरमध्ये. तेहरानची गॅलरी जेव्हा मेळ्यात एक कोपरा घेते तेव्हा ती काय पणाला लावते, हे या आकड्यांवरून समजावं. रंगाच्या ट्यूबा आणि चांगला कॅनव्हास बाहेरून येतो, त्यामुळे चित्र रंगवायला घेण्याआधीच ते महाग झालेलं असतं.

एकेकाळी हा सगळा खर्च दसपटीने वसूल होईल असं वाटत होतं. 2008 च्या मार्चमध्ये दुबईत बॉनहॅम्सच्या लिलावात फरहाद मोशिरी यांच्या ‘एश्ग’ या चित्राने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. काळ्या पार्श्वभूमीवर स्वारोव्हस्कीच्या स्फटिकांनी लिहिलेला ‘प्रेम’ हा फारसी शब्द. पुढच्याच महिन्यात क्रिस्टीजच्या लिलावात परवीझ तनावोली यांची ‘द वॉल (ओह पर्सेपोलिस)’ ही उंच ब्राँझ भिंत 28 लाख 40 हजार डॉलरला गेली. तिच्यावर वाचता न येणारी अक्षरं कोरलेली आहेत. या दोन कामांची बरोबरी त्यानंतर बाजारात आलेल्या नस्तालिक या फारसी सुलेखनशैलीतल्या शेकडो चित्रांशी होऊच शकत नाही. तनावोली हे 1960 च्या दशकातल्या सक्काखाने चळवळीचे आधारस्तंभ. रस्त्याकडेच्या पाणपोयांवरची कुलपं, जाळ्या, ताईत यांतून त्यांनी शिल्पाची भाषा घडवली. मोशिरी तर बाजाराच्या झगमगाटाकडेच रोखून पाहत होते. पण लिलावाच्या आकड्यांनी एक सोपा धडा शिकवला: अक्षर काढा, सोनेरी लावा, विकलं जाईल. त्या वर्षाच्या शेवटी जागतिक मंदी आली आणि ही लाट ओसरली. मला याचं वाईट वाटलं नाही. गोलनाझ फत्ही यांच्यासारख्या चित्रकर्तीकडे नीट पाहायला त्यामुळे सवड मिळाली. त्यांनी सुलेखनाचं रीतसर कडक शिक्षण घेतलं, आणि मग अक्षरातला अर्थच काढून टाकला. उरला तो फक्त हाताचा झोत. कागदावर त्यांची रेघ जिथे कोरडी पडते तिथे भिंग धरून पाहिलं की कळतं, हा हात वर्षानुवर्षं बोरू धरून तयार झालेला आहे. शिकाऊ माणसाला ती रेघ उसनी आणता येणार नाही.

परदेशी गिऱ्हाइकाला चटकन कळणारी दुसरी गोष्ट चादर, म्हणजे डोक्यावरून अंगभर ओढायचं वस्त्र. शादी घदिरियान यांची 2000-01 मधली छायाचित्रमाला जगभर दाखवली गेली आहे. प्रत्येक छायाचित्रात फुलाफुलांच्या कापडाची चादर ओढलेली एक बाई, आणि चेहऱ्याच्या जागी इस्त्री, झाडू, किसणी किंवा चहाचा कप. मेळ्यात या छायाचित्रांसमोर थांबणारे बहुतेक पाहुणे बुरख्याबद्दल बोलायला लागतात. पण हे काम सुचलं ते घदिरियान यांच्या लग्नानंतर, भेट म्हणून आलेल्या घरगुती वस्तूंचा ढीग पाहून. आपल्याकडे ज्या बाईने रुखवतात मांडलेली भांडी पाहून मनातल्या मनात उरलेल्या आयुष्याचा हिशेब केला असेल, तिला हे छायाचित्र एका क्षणात कळेल. तिला इराणच्या राजकारणाची टिपणं लागणार नाहीत. चादरीचं कापडही नीट पाहा. ती काळी नाही. घरात, शेजारणीकडे जाताना वापरायची ती छापील, सुती, स्वस्त चादर आहे. हा एक तपशील लक्षात आला की सगळं छायाचित्र रस्त्यावरून उठून स्वयंपाकघरात येतं.

माझ्या हातांना सर्वांत जास्त शिकवलं ते मुनीर शाहरूदी फरमानफर्मायान यांच्या ऐनेकारीने, म्हणजे आरशांच्या तुकड्यांच्या जडावकामाने. मुनीर कझवीनच्या. 1945 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, तिथल्या चित्रकारांत वावरल्या, 1957 मध्ये परतल्या आणि पुढे शिराझच्या शाहचेराघ दर्ग्यात गेल्या. भिंती, कमानी, छत सगळं आरशांच्या तुकड्यांनी मढवलेलं. यात्रेकरूंची हालचाल, दिव्यांचा उजेड, रडणं, सगळं त्या हजारो तुकड्यांत विखुरलेलं. आपण एखाद्या हिऱ्याच्या आत उभ्या आहोत असं त्यांना वाटलं. मग त्यांनी उस्ताद मोहम्मद नवीद या कारागिरांना सोबत घेतलं आणि दर्ग्यातली ही कला कॅनव्हासएवढ्या आकारात आणली. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षट्कोन: इस्लामी भूमितीचं जुनं व्याकरण आणि न्यूयॉर्कमध्ये पाहिलेली अमूर्त कला एकाच पाटीवर आली.

असं काम टेबलावर आडवं ठेवून तपासताना डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण आरशात सतत आपणच दिसतो. मी बोटाच्या नखाने हलकेच टिचक्या मारत जाते. तुकडा पक्का बसलेला असला तर आवाज भरीव येतो. मागचा गच सुटला असला तर पोकळ. काच अगदी पातळ कापलेली असते, कडा हाताने घासलेल्या, आणि दोन तुकड्यांमधली फट कुठे केसाएवढी तर कुठे नाहीच. यंत्राने कापल्यासारखं ते एकसारखं नाही. प्रत्येक तुकडा शेजारच्यापेक्षा किंचित कललेला असतो, म्हणून समोरून चालत गेलं की उजेड सलग सरकत नाही, उड्या मारत जातो. छायाचित्रात हे कधीच येत नाही. मुनीर यांच्या कामाची छायाचित्रं पाहून ज्यांनी त्याला शोभेची वस्तू ठरवलं त्यांनी ते पाहिलेलंच नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. 1979 च्या क्रांतीनंतर त्यांना बरीच वर्षं न्यूयॉर्कला राहावं लागलं. तिथे मनासारखा कारागीर नव्हता, म्हणून त्या कागदावर भूमिती रेखत राहिल्या. या शतकाच्या सुरुवातीला तेहरानला परतून, वयाच्या ऐंशीच्या आसपास, त्यांनी पुन्हा कार्यशाळा उभी केली आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेव्हा केलं. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून दुबईची ‘द थर्ड लाइन’ गॅलरी त्यांची कामं मांडत होती.

परदेशी गिऱ्हाइकाला न दिसणारी एक गोष्ट आहे: तेहरानचा शुक्रवार. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर गॅलऱ्यांची नवी प्रदर्शनं उघडतात आणि तरुण मुलंमुली एका गॅलरीतून दुसरीत हिंडतात. विकत घेणारे थोडे, पाहणारे आणि वाद घालणारे पुष्कळ. या गॅलऱ्यांचा इतिहास बायकांनी घडवला आहे. मासूमे सेहून यांनी 1966 मध्ये गॅलरी काढली. लिली गोलेस्तान, ‘सिल्क रोड’च्या अनाहिता घबायान, ‘आरान’च्या नाझिला नोएबाशारी ही पुढची नावं. 2012 मध्ये एका तळघरात सुरू झालेली ‘दस्तान’ आज जगातल्या मोठमोठ्या मेळ्यांत दिसते. चित्रकाराची खरी परीक्षा या शुक्रवारी होते, आणि तिथे पाहणाऱ्याला इराण समजावून सांगावा लागत नाही.

2022 च्या सप्टेंबरमध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि देश पेटला. तेहरानच्या अनेक गॅलऱ्यांनी दारं बंद ठेवली. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी शहरातल्या कारंज्यांचं पाणी लाल झालेलं दिसलं. करणाऱ्याने नाव लावलं नाही. मग ते पाणी काढून टाकण्यात आलं. त्या वर्षातलं मला माहीत असलेलं सगळ्यात ताकदीचं इराणी काम ते होतं. कुठल्याही मेळ्यात ते येऊ शकलं नसतं. त्याला पेटी नव्हती, किंमत नव्हती, आणि माझ्या कंडिशन रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं काही मागे उरलं नव्हतं.

मग इराणी चित्रकार कुणाला म्हणायचं, हा प्रश्न मेळ्यातल्या पाट्यांवर एका ओळीत सुटलेला असतो. रामीन आणि रोकनी हाएरिझादे हे भाऊ आणि त्यांचे मित्र हेसाम रहमानियान 2009 पासून दुबईतच राहतात. तिघांचं घर हीच कार्यशाळा. रोकनी बातम्यांच्या चित्रफितींमधली दृश्यं कागदावर छापून घेतात आणि एकेका कागदावर रंग चढवतात. माणसांना डुकराचं, पक्ष्याचं, सशाचं तोंड येतं, आणि हे कागद पुन्हा ओळीने चालवले की चित्रपट होतो. त्यांनी यासाठी ब्रिटनचे राजपुत्र विल्यम आणि केट यांचा लग्नसोहळासुद्धा घेतला. अशा चित्रात ‘इराण’ शोधू पाहणाऱ्याला तो सापडत नाही, आणि मला ही फार चांगली गोष्ट वाटते. लघुचित्रांत जनावरांच्या तोंडून राजदरबाराच्या गोष्टी सांगण्याची परंपरा ज्याने जवळून पाहिली आहे त्याच्या हातून हे आलं आहे, एवढं पुरेसं आहे.

व्यवसायामुळे मला एक काळजी मात्र सतत असते. रोकनी यांच्या कामात साध्या छपाईच्या कागदावर जलरंग, पांढरा गेसो, शाई असे थर बसलेले. शाई उडते, कागद पिवळा पडतो. चांगल्या संग्रहालयात, मंद उजेडात आणि ठरलेल्या आर्द्रतेत ठेवले तरच हे टिकणार. तेहरानचं समकालीन कला संग्रहालय 1977 मध्ये उघडलं, पोलॉक, बेकन, वॉरहॉल यांच्या कामांसह. पाश्चात्त्य आधुनिक कलेचा पाश्चिमात्य देशांबाहेरचा असा संग्रह क्वचितच असेल. पण आजच्या इराणी कलाकारांची कामं मोठ्या संख्येने जातात ती लंडन, न्यूयॉर्क, पॅरिसच्या संग्रहालयांत आणि आखातातल्या संग्राहकांकडे. मेळा हाच त्यांचा दरवाजा. तिथे ती नीट सांभाळली जातील, याची मला खात्री आहे. त्यांतल्या काहींचे कागद मीच तयार केले आहेत. शिराझ किंवा इस्फाहानमधल्या विद्यार्थ्याला मात्र आपल्याच पिढीची कामं समोरासमोर पाहायची तर आधी व्हिसा मिळवावा लागेल. मुनीर यांनी स्वतःपुरता याला उपाय काढला. आपली कामं त्यांनी तेहरान विद्यापीठाला दिली, आणि 2017 मध्ये निगारिस्तान बागेत त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. एका स्त्री कलाकाराला वाहिलेलं इराणमधलं ते पहिलंच. पुढे, 2019 च्या एप्रिलमध्ये, त्या गेल्या. नाझगोल अन्सारिनिया यांच्यासारख्यांच्या पिढीसाठी अशी दुसरी जागा अजून उभी राहिलेली नाही, आणि ती उभी करायला कारागीर, गॅलऱ्या आणि देणगीदार हे तिन्ही तेहरानमध्येच आहेत.