‘चरणदास चोर’: शिरपूरच्या लेकीचा विस्मृतीत गेलेला विनोदी चित्रपट

धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे स्मिता पाटील यांच्या घराण्याचे गाव. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्यात मंत्री झालेले शिवाजीराव पाटील हे त्यांचे वडील. जळगाव-धुळ्याकडे आजही हे नाव आपुलकीने घेतले जाते. पण डोळ्यांसमोर येते ती ‘उंबरठा’तील सुलभा. विनोदाशी स्मिता पाटील यांचे नाव सहसा कोणी जोडत नाही. तरीही त्यांच्या अगदी आरंभीच्या चित्रपटांत ‘चरणदास चोर’ (१९७५) हा खट्याळ बालचित्रपट आहे.

चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी श्याम बेनेगल यांनी तो कृष्णधवल रंगात केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे. राजस्थानी लोककथा विजयदान देथा यांनी शब्दबद्ध केली आणि हबीब तन्वीर यांनी ती छत्तीसगढच्या ‘नाचा’ कलावंतांकरवी रंगभूमीवर आणली. तेच कलावंत येथेही आहेत.

कथेतील चोर गुरूपुढे थट्टेने शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. भुरट्या चोराला यांतले काय लाभणार? गुरू मात्र आणखी एक शपथ घालतो, खोटे न बोलण्याची. मग एकेक अशक्य गोष्ट खरोखरच त्याच्या दारी येते, आणि हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते की हा माणूस आता वाचत नाही.

राजवैभवातली ती लहरी तरुणी म्हणजे स्मिता पाटील. तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. पुढे अन्याय सोसणाऱ्या आणि त्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या स्त्रिया साकारणारी ही अभिनेत्री येथे सत्तेच्या बाजूला उभी आहे, हे पाहणे विलक्षण आहे. (आणीबाणीचेही हेच वर्ष, पण कथा त्याहून जुनी, तेव्हा रूपक शोधण्याची घाई नको.)

खान्देशातल्या यात्रेत ज्याने तमाशाचा वग पाहिला आहे, त्याला हा चित्रपट परका वाटणार नाही. राजाला तोंडावर खरे सुनावणारा सोंगाड्या त्याच्या ओळखीचा असतो. फरक इतकाच, की सोंगाड्या टाळ्या घेऊन सुटतो. चरणदासला ती मुभा नाही.